वेलीवरचा सोनेरी कासव भुंगेरा

गारवेलीच्या पानांना गोल भोके पडलेली दिसली की ती पाने उलटसुलट पाहिल्याशिवाय माझा पाय पुढे निघत नाही. या सवयीमुळेच परवा रानवाटेने जाताना, कित्येक वर्षे केवळ छायाचित्रांत पाहिलेला सोनेरी कासव भुंगेरा प्रत्यक्ष पाहायला मिळाला.

आकाराने तो मसुराच्या दाण्याएवढा. भिंगातून पाहिल्यावर पाठीचा सोनेरी घुमट आणि त्याच्या सभोवती पसरलेली काचेसारखी पारदर्शक कड स्पष्ट दिसली. त्या कडेतून खालच्या पानाच्या शिराही दिसत होत्या. डोके छातीवरच्या ढालीखाली पूर्ण झाकलेले होते आणि तिच्या पुढच्या काठाखालून दोन मिशा तेवढ्या बाहेर येऊन पान चाचपत होत्या.

वाऱ्याने वेल जोरात हलली आणि पाहता पाहता तो सोनेरी रंग विरू लागला. थोड्याच वेळात पाठ तांबूस तपकिरी झाली, तिच्यावरचे काळे ठिपके उठून दिसू लागले, आणि सारे शांत झाल्यावर सोने हळूहळू परतले. हा बदल डोळ्यांदेखत घडताना पाहणे हा माझ्यासाठी विलक्षण आनंदाचा क्षण होता.

हे सोने म्हणजे रंगद्रव्य नव्हे. बेल्जियममधील भौतिकशास्त्रज्ञ झाँ पोल व्हिन्येरों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामातील अशाच एका जातीचा अभ्यास करून 2007 साली त्यामागचे कारण मांडले. भुंगेऱ्याच्या पाठीच्या कवचात एकावर एक अतिशय पातळ थर असतात आणि त्यांतील सूक्ष्म छिद्रे द्रवाने भरलेली असली की ते थर आरशासारखा प्रकाश परावर्तित करतात. कीटक बिथरला की हा द्रव निघून जातो, थर पारदर्शक होतात आणि त्यांच्याखाली असलेला लाल रंग दिसू लागतो. म्हणजे चकाकी टिकवायला ओलावा लागतो, आणि म्हणूनच मेलेल्या भुंगेऱ्याची सोनेरी झळाळी लवकरच नाहीशी होते. संग्रहालयातील टाचणी टोचलेल्या नमुन्यावरून हा कीटक जिवंतपणी कसा दिसत असेल याची कल्पनाही येत नाही. तो पानावरच पाहावा, या मतावर मी ठाम आहे.

त्याच वेलीवर त्याच्या अळ्याही होत्या, आणि रूपाने त्या अगदी दुसऱ्या टोकाच्या. अंगाच्या कडेने काटे, शेपटीला दुबेळके आणि त्या दुबेळक्यावर स्वतःची विष्ठा व टाकलेल्या काती यांचा साठवलेला गोळा. ही छत्री पाठीवर धरून अळी निवांत पान खाते आणि मुंगी जवळ आली की ती छत्री मुंगीच्या दिशेने फिरवते. घाणेरडी म्हणून अनेक जण या अळीकडे पाठ फिरवतात, पण मला तिची ही युक्ती सोन्याइतकीच पाहण्याजोगी वाटते.

कुणाला हा भुंगेरा शोधायचा असेल तर रताळ्याच्या कुळातील वेली पाहाव्यात आणि पानांची खालची बाजू विसरू नये. छायाचित्र घेताना आधी थोडे लांबून घ्यावे, मग हळूहळू जवळ जावे, आणि वेलीचे पान व फूल यांचेही छायाचित्र सोबत ठेवावे. कासव भुंगेऱ्यांच्या अनेक जाती ठरावीक वनस्पतींवरच जगत असल्याने जात ओळखताना त्याचा मोठा उपयोग होतो.