ऊस उचलायच्या आधी तार वर घेतली

निपाणीकडं आमच्या पाणंदीवरून ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची लाईन जाते. एक खांब कलल्यामुळं मधोमध तारांना मोठा झोळ पडला होता. कारखान्याचा ऊस याच वाटेनं जातो, म्हणून हंगामाआधीच याचा निकाल लावायचं ठरवलं.

आधी शेजाऱ्यांची भरलेली ट्रॉली लाईनपासून लांब उभी करून टेपनं मोजली. उंची १४ फूट. नियमानं ११ केव्हीची उघडी तार रानात किमान ४.६ मीटरवर, म्हणजे १५ फुटांवर हवी. रस्ता ओलांडत असेल तर ६.१ मीटर. आता बघा, रानातली तार नियमात असली तरी भरीवर दोर आवळायला चढलेला गडी थेट तारेत जातो. आणि या तारेला हात लागायलाच हवा असं नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज अंगावर येते. तारेची उंची मोजायला आम्ही काठी किंवा टेप वर नेली नाही. ते काम वायरमनचं.

मग वीज कंपनीला अर्ज केला. निपाणी कर्नाटकात, म्हणून पुतणीनं तो कन्नडमध्ये लिहिला. सर्व्हे नंबर, खांबावरचा नंबर, मोटारीचा आर.आर. नंबर (वीजजोडणीचा ग्राहक नंबर) आणि लांबून काढलेले फोटो जोडले. पोच घेतली. पोच हातात असली की पुढच्या खेपेला बोलणं सोपं जातं. नंतर पाहणी झाली आणि मध्ये एक जादा खांब मंजूर झाला.

खांब येईपर्यंत ट्रॉल्या लांबच्या वाटेनं नेल्या. ड्रायव्हरांना बसवून सांगितलं: तार लागलीच तर सीटवरच बसा, कुणालाही जवळ येऊ देऊ नका, वीज तक्रारीच्या १९१२ नंबरला फोन करायला सांगा. टायर रबरी आहेत म्हणून वाचू, हा भ्रम आहे. पेट घेतला तरच उतरायचं. तेही ट्रॅक्टर आणि जमीन एकदम न शिवता, दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय जुळवूनच लांब जायचं. लाईन गेली म्हणून तारेजवळ जायचं नाही, ती परत कधीही चालू होते. ऊसतोड टोळीतल्या बायकामाणसांनाही हे सांगितलं, कारण धावून जाणारी पहिली तीच असतात.

तोडणी सुरू व्हायच्या आत खांब उभा राहिला, तारा ताणल्या गेल्या. भर बांधायची जागा मात्र आम्ही अजूनही लाईनपासून लांब, विहिरीकडच्या मोकळ्या रानातच ठेवलीय.