सव्वा मूठ गहू

रविवार, 3 ऑगस्ट 2025, रात्री

बाहेर ओट्यावर कानबाईचा, खानदेशात श्रावणात बसवतात त्या देवीचा, जागर चाललाय. मी आत धाब्याच्या खोलीत, पोत्यावर वही ठेवून लिहितेय. उद्यापर्यंत थांबले तर कालचं जसंच्या तसं आठवणार नाही.

दोन वर्षं मी कागदांच्या मागे होते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आजोबांचे आजोबा सापडले, गावही सापडलं. पण तालुका लिहिलेला पिंपळनेर, आणि आमच्या घरात कायम साक्री. जुना पिंपळनेर तालुका म्हणजेच आजचा साक्री, हे कळेपर्यंत मी भलतेच गठ्ठे सोडत बसले होते. जिल्ह्याचंही तसंच. 1906 पर्यंत नुसता खानदेश, मग पश्चिम खानदेश, आता धुळे. शेवटी गाव नमुना 14 हाती लागला, जन्ममृत्यूची मोडीतली नोंदवही. मोडी वाचून देणाऱ्या गुरुजींनी बोट ठेवलं तिथे पणजोबांचा जन्म होता. बापाचं नाव होतं, तारीख होती. आई त्या ओळीत कुठेच नव्हती. तेव्हापासून तीच डोक्यात आहे.

काल सुरतहून निघाले. नवापूर, कोंडाईबारीचा घाट, दहिवेल, साक्री. 1972 च्या दुष्काळात आजोबा याच रस्त्याने सुरतेला लूमवर गेले, सहा वर्षांच्या बाबांना घेऊन. आजोबा गेल्यावर गावाशी पत्रंही थांबली. त्या उलट्या वाटेवर मला फार भरून आलं.

आमच्या घराचा फक्त ओटा उरलाय, त्यात निंब उगवलाय. शेजारचं घर चुलत काकांचं. दारात एक म्हातारी काकू सूप घेऊन बसलेली. तिने मान वर केली. "कोनी पोर शे व माय तू?"

मी आजोबांचं नाव सांगितलं. ती उठली नाही. सूप थोडं बाजूला सरकवलं, माझ्यासाठी जागा केली, एवढंच.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढायचं चाललं होतं. घरातल्या, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, तशीच चण्याची डाळ. एक मूठ भरून टाकायची, मग वर थोडे, नाव तोंडाने घ्यायचं. काकू एकेक नाव घेत होती आणि मी मनात माझ्या कागदांवरचा वंशवृक्ष लावून बघत होते. जुळत होता. जी शाखा मला तीन कचेऱ्यांत मिळाली नव्हती, ती सुपात पडत होती. आणि मग तिने माझ्या बाबांचं नाव घेऊन मूठ टाकली.

बाबा पौषात गेले. यांना कोणी कळवलंच नव्हतं. कळवायला आमच्याकडे नंबर तरी कुठे होता? त्रेपन्न वर्षं दर श्रावणात या घरात त्यांची मूठ निघत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी सांगितलं. काका खाटेवरून उठले, न बोलता पंपावर गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केली. भाऊबंदाचं सुतक कधीही कळलं तरी करतात तशी. ओल्या अंगाने येऊन माझ्यासमोर बसले. बाबांसाठी एवढं मी स्वतःसुद्धा रडले नव्हते.

मी विचारलं, मूठ परत काढायची का? काकू म्हणाली, "काढेल मूठ मांगे टाकतस नही." काढलेली मूठ परत घेत नाहीत. मग माझ्या भावाचं आणि भाच्याचं नाव विचारून दोन मुठी जास्त टाकल्या.

माझी नाही. बायकांची मूठ नसते. ते मला लागलं, आणि इथे लिहिते की लागलं. नोंदवहीत नाही, उपाध्यायांच्या वहीत नाही, सुपातही नाही. मी काकूला सरळ विचारलं, माझ्या पणजोबांच्या आईचं नाव काय?

तिला नाव माहीत नव्हतं. पण ती डाळ निवडत बोटांवर मोजायला लागली. तिची सासू कासारेवाली, म्हणजे माहेर कासारे. सासूची सासू म्हसदीवाली. थोरल्या घरातली, म्हणजे माझी पणजी, दहिवेलवाली. आणि तिची सासू? काकू थांबली, आतल्या जावेला हाक मारून विचारलं, दोघींचं एकमत झालं. सामोडेवाली.

दहिवेलवरून मी कालच आले, एसटी तिथे दहा मिनिटं थांबली होती. मी खाली उतरून चहा प्यायले होते.

आज पुरणपोळी, खीर, डांगराची भाजी झाली. रात्रभर गाणी चालतील. उद्या सकाळी कानबाई डोक्यावरून नदीवर जाईल, मीही बायकांबरोबर पांझरेपर्यंत चालणार आहे. दुपारची पिंपळनेर गाडी सामोड्याला थांबते, असं काका म्हणाले. तिथे कोणाच्या दारात विचारायचं तेही काकूने सांगून ठेवलंय. आधी पाटील गल्ली, नाहीतर मारुतीच्या पाराजवळची म्हातारी माणसं. मुलगी कोणत्या गावी दिली होती ते सांगायचं, म्हणाली, नाव तिथे निघेल.