बाळ सुखरूप, मग रडू कसलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भांडुपच्या आमच्या सोसायटीत, नात्यात, सगळीकडे हेच विचारतात: ‘हार्टचं एवढं असूनही बाळ-बाळंतीण सुखरूप, मग तुला रडू कसलं येत होतं?’

मला टेट्रालॉजी ऑफ फॅलो, हा हृदयाचा जन्मजात दोष. माझं ऑपरेशन लहानपणीच झालं. गरोदरपणात अंगातलं एकूण रक्त 40-50 टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे हृदयावरचा ताणही वाढतो, आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवसही जोखमीचेच. म्हणून डॉक्टरांनी हृदयावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. आईला दोष असला की बाळालाही असण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून पोटातल्या बाळाचाही एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. नॉर्मल निघाला. घरी पेढे आले.

आणि मी रात्री मोबाइलचा टॉर्च लावून बाळाचे ओठ बघत बसायचे. निळे तर पडले नाहीत ना? माझे पडायचे, आई अजून सांगते. नाकाशी बोट धरायचं, श्वास लागला की हुश्श, की पुन्हा तेच. छातीत धडधडायचं, धाप लागायची. आता हे हृदयाचं की भीतीचं, कळणार कसं? दोन्हींची लक्षणं सारखीच. ईसीजी चांगला आला की ‘काही झालेलं नाही’ म्हणून मला घरी पाठवायचे. सासूबाई म्हणायच्या, बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं. झालं, त्याचीही काळजी!

शेवटी बाळाच्या लसीकरणाला गेले तेव्हा तिथल्या सिस्टरांनी एक कागद पुढे केला. एडिनबरा स्केल, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची प्रश्नावली, 1987 सालची. गेल्या 7 दिवसांबद्दल 10 प्रश्न, शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. तिथे माझं पेन अडलं. सिस्टरांनी काही न बोलता खुर्ची जवळ ओढली.

मग मानसोपचारतज्ज्ञ. काही गोळ्यांनी हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून त्यांनी माझ्या कार्डिओलॉजिस्टना फोन करूनच औषध ठरवलं. अंगावर पाजणंही चालू राहिलं. तुमच्या घरात कुणाला असं होत असेल तर धडधड अंगावर काढू नका, आधी हृदय तपासून घ्या. पण रिपोर्ट चांगला आला म्हणून तिथेच थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

मला राग एकाच गोष्टीचा आहे. एवढे महागडे एको झाले, मग तो 10 प्रश्नांचा कागद हार्टच्या ओपीडीत का नव्हता? दोन-चार रुपयांची तर झेरॉक्स.