आई बी येईना

त्या गुरुवारी धाराशिव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आमची मनोविकार ओपीडी होती. 47 पेशंट, आणि भास-भ्रमांवरच्या रिस्पेरिडोनच्या गोळ्या निम्म्यांनाही पुरतील की नाही याची धास्ती. आमच्याकडे माणसं सगळ्यात शेवटी येतात. आधी देवऋषी, मग दर्गा, मग शेळ्या विकून सोलापूर, आणि पैसा संपला की आम्ही.

अठ्ठेचाळीस वर्षांची, भवानीआईची आराधीण आत आली. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, अंगावरचं मांस उतरलेलं. बरोबर सून आणि एक म्हातारी. हिच्या गळ्यात माळ घातली ती या म्हातारीनंच, म्हणजे ती हिची गुरू. मला वाटलं, म्हातारी भांडायलाच आलीय.

"म्याडम, हिच्या अंगात आई न्हाई."

"मग कोण आहे, आजी?"

"ते तुमी हुडका. आई न्हाई, एवढं मला कळतंय."

पुढची दहा मिनिटं मी फक्त लिहून घेत होते. "आई येती ती मंगळवारी, शुक्कीरवारी. आरती व्हावी, झांज वाजावी, चार बाया जमाव्या, मग येती. पुसलेलं सांगती, तांब्याभर पाणी पाजलं की जाती. मग ही उठून च्या मागायची. हे जातच न्हाई. भांडी घासताना बोलायलंय, रातच्या दोनला बोलायलंय, शिव्या द्यायलंय. आई रागावती, पर लेकराला असलं बोलत न्हाई. आन् ही आता 'आई येती' म्हणत न्हाई. 'मीच आई' म्हणती. देव भाकरी खात न्हाई म्हणून जेवण सोडलंय."

इतकी स्वच्छ हिस्ट्री मला निवासी डॉक्टरांकडूनही क्वचितच मिळालीय. आयसीडी-10 या आजारांच्या जागतिक यादीत संचाराला एफ 44.3 हा कोड आहे, आणि तिथं बजावलंय की नकोसा, आपल्या हातात नसलेला, धर्माच्या नि रीतीच्या बाहेर घडणारा संचार तेवढाच नोंदवा. आजीनं तेच सांगितलं होतं. शिवाय 'मीच आई' आणि उपाशी राहणं, म्हणजे माझ्या हिशेबानं गाडी त्याही कोडच्या पुढे गेली होती. जर्मन मनोविकारतज्ज्ञ यास्पर्सनं 1913 मध्ये भ्रमाच्या खुणा सांगितल्या: पक्की खात्री, समजावून न हलणं, अशक्य आशय. या खुणांवर माझे वडीलही सापडतील. दर कोजागिरीला तुळजापूरला चालत जातात, आई हाक मारते म्हणतात. त्यांना कुणी गोळी दिलेली नाही.

साखर, थायरॉइड ठीक निघालं. बायकांमध्ये पंचेचाळिशीनंतरही स्किझोफ्रेनिया पहिल्यांदा डोकं वर काढतो, म्हणून वयाचं मला नवल वाटलं नाही. रिस्पेरिडोन रात्री 2 मिलिग्रॅमनं सुरू केलं, पुढे 4. "आधी ती माळ काढायला लावा," असं तिथले वैद्यकीय अधिकारी बोटातली पुष्कराजाची अंगठी फिरवत म्हणाले. मी लावली नाही.

सहा आठवड्यांनी ती आली. जेवत होती, झोपत होती, शिव्या थांबल्या होत्या. मी मनात खूश.

"म्याडम, ते गेलं ते बरं झालं. पर आई बी येईना. सहा मंगळवार झाले. झांज वाजती, बाया वाट बगत बसत्यात, आन् माझं अंग लाकडावानी."

मी तिचं मनगट धरून हलवलं. खाचाखाचांत अडकल्यासारखं वळत होतं. लाकूड खरंच होतं, गोळीनं केलेलं. डोस 3 वर आणला, ताठरपणासाठी ट्रायहेक्सीफेनिडिल दिलं. हे पुस्तकातलं काम, त्यात डोकं लागत नाही.

पण अंग सैल झाल्यावरही आई आली नाही तर? बाधा थांबवणाऱ्या गोळीनं तीही थांबवली असेल तर ते नुकसान कुठल्या रकान्यात लिहू? आणि पुढच्या मंगळवारी आलीच, तर 'सुधारणा' लिहू की 'आजार उलटला'? आजीला मी हे जसंच्या तसं विचारलं.

"येऊ तर द्या," ती म्हणाली. "कोण आलंय ते मी बगते."

केसपेपरवर आजीचा मोबाइल नंबर लिहून घेतला. पुढे 'रुग्णाशी नातं' असा रकाना आहे. तो तसाच कोरा राहिलाय.