तुम्ही विचारलंत म्हणून: ऑफ तासाला मोबाइलवर काय बघता?

"शाळेच्या वेळेत मोबाइलवर एवढं काय बघत असता हो?" हा प्रश्न मला पालक विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि हल्ली वरच्या वर्गातली मुलंही विचारतात. मुलांचा सूर जरा खवचट असतो, कारण त्यांचे मोबाइल आम्हीच काढून घेतलेले असतात.

विचारलंतच आहे तर सांगते. बहुतेक वेळा अगदी रटाळ गोष्टी असतात. बिल भरायचं असतं, डॉक्टरांची वेळ घ्यायची असते, स्वतःच्या मुलाच्या शाळेतून काय निरोप आलाय ते बघायचं असतं. ऑफिसातला माणूस दोन मिनिटं बाहेर जाऊन फोन करून येतो. आम्हाला भरला वर्ग सोडून जाता येत नाही. बँका आणि दवाखाने नेमके आमच्या तासांच्या वेळात उघडे असतात. मग सगळा संसार ऑफ तासात कोंबायचा. तो तासही आपला असेलच असं नाही. समोर वह्यांचा गठ्ठा, लाल पेनाचं टोपण तोंडात, एका हाताने बिलाची रक्कम टाकलेली, ओटीपीची वाट बघतेय, तेवढ्यात दारात एक मुलगी उभी: "बाई, आमच्या वर्गावर कुणीच नाहीये." ओटीपी येतो तेव्हा मी जिन्यात असते. मुलांना शांत करेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते.

पण लोकांना बिल भरणं खुपत नाही, खुपतं ते नुसतं स्क्रोल करत बसणं. तेही होतं, नाही कशाला म्हणू? फिलिप जॅक्सन नावाच्या अभ्यासकाने प्राथमिक शाळांच्या वर्गांत बसून निरीक्षणं केली आणि १९६८ साली लिहिलं की शिक्षकाचे दिवसाकाठी मुलांशी हजारापर्यंत छोटे-मोठे व्यवहार होतात. कुणाला उत्तर द्या, कुणाला गप्प करा, कुणाचं रडं थांबवा. आणि प्रत्येक वेळी आवाज ताब्यात ठेवा. एवढं झाल्यावर मिळालेल्या दहा मिनिटांत निबंध तपासायला डोकं जागेवर नसतं. ज्याला आपल्याकडून काहीच नको आहे, असं काहीतरी बघावंसं वाटतं. मैत्रिणीने पाठवलेला मांजराचा व्हिडिओ त्यासाठी पुरतो.

कामाच्या वेळेत असं खासगी इंटरनेट वापरण्याला अभ्यासक सायबरलोफिंग म्हणतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या व्हिव्हियन लिम यांचा २००२ सालचा अभ्यास त्यावरच आहे. तो शिक्षकांवरचा नाही, एकूण नोकरदारांवरचा आहे, पण मला त्यात आमची स्टाफरूम दिसते. माणूस मनात जमाखर्च मांडतो: मी एवढं जादा दिलं, मग थोडं घेतलं तर कुठे बिघडलं? आणि संस्था आपल्याशी न्यायाने वागत नाही असं वाटलं की हा हिशेब आणखी पटायला लागतो.

आमची जमा बाजू खोटी नाही. पेपर घरी तपासले जातात, माहितीचे तक्ते रविवारी भरले जातात, रात्री जेवताना पालकांच्या ग्रुपवर "उद्या कोणती वही आणायची?" येतं आणि उत्तर दिलं नाही तर पाठोपाठ प्रश्नचिन्ह येतं.

तरी हा हिशेब मला एका जागी अजिबात मान्य नाही. मुलांना गणितं सोडवायला देऊन टेबलाखाली मोबाइल उघडायचा, हे. उधारी संस्थेकडे आणि वसुली मुलांकडून! शिवाय ती वेळ रिकामी नसतेच. तेव्हाच तर बाकांमधून फिरायचं असतं. एक मुलगा तीच ओळ पुन्हा पुन्हा खोडतोय, कागद फाटायला आलाय. हातच्याचा एक कुठे ठेवायचा हेच त्याला कळलेलं नाही. खुर्चीत बसून ते दिसत नाही. त्याची वही तपासायला येईल तेव्हा फक्त चुकलेलं उत्तर दिसेल.

आणखी एक. सोफी लरॉय या अभ्यासक बाईंनी २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. म्हणून घंटेच्या तोंडावर मी घरच्या ग्रुपवरचं भांडण वाचत नाही. ते वर्गात माझ्याबरोबर येतं आणि पहिल्या बाकावरच्याला विनाकारण ओरडा बसतो.

हे सगळं ऐकून कुणी ना कुणी म्हणतंच, शिक्षकांवरही मोबाइलबंदी घाला. वर्गात घाला, माझा पाठिंबा आहे. स्टाफरूममध्ये घालणार असाल, तर दुसऱ्या बाजूचंही बोला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या खासगी कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याला फोन-ईमेलपासून मोकळं राहता यावं यासाठी वाटाघाटी कराव्या लागतात. असं काही आमच्यासाठी ठरलं, तर रात्रीच्या वहीच्या प्रश्नाला मी सकाळी शाळेत उत्तर देईन आणि बिल घरी बसून भरेन.