तेरा दिवस आणि 170 तास

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढलेला भारतीय फायटर पायलट इंद्रलाल रॉय, त्याच्याबद्दल इंटरनेटवर एक वाक्य जिथेतिथे सापडतं : 13 दिवसांत 170 तास उड्डाण करून त्याने 10 जर्मन विमानं पाडली. एअरफोर्समध्ये मी आर्मामेंट फिटर, म्हणजे विमानांच्या शस्त्रांचा मेकॅनिक होतो, नोकरीभर फॉर्म 700, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंद, भरली, त्यामुळे असा आकडा दिसला की हात आपोआप हिशोबाला लागतो. 170 भागिले 13 म्हणजे रोजचे तेरा तास. त्याच्या एस.ई.5ए विमानात पेट्रोल मावायचं अडीच-तीन तासांचं. मग काय, रोज चार-पाच सॉर्टी, म्हणजे लढाईची उड्डाणं, तेही सलग दोन आठवडे? पायलटचं राहू द्या, त्याचे मेकॅनिकच आधी आडवे झाले असते. 170 तास हे त्याचं आयुष्यभराचं उड्डाण असणार, कुणीतरी दोन आकडे एका वाक्यात कोंबले आणि बाकीच्यांनी ते तसेच उचलले.

पण मग जरा विचार करा. आयुष्यभराचे 170 तास! एवढ्या अनुभवावर आमच्याकडे पायलट अजून शिकाऊच धरतात.

जन्म कलकत्त्याचा, 2 डिसेंबर 1898. वडील बॅरिस्टर, आई लोलिता रॉय लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात साडी नेसून चालणारी. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. घरी त्याला ‘लॅडी’ म्हणत. रॉयल फ्लाइंग कोअरने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश लष्कराच्या विमान शाखेने, आधी डोळे अधू म्हणून परत पाठवलं, तर या पठ्ठ्याने मोटरसायकल विकून बड्या डोळ्यांच्या डॉक्टरकडून पुन्हा तपासून घेतलं, असं सांगतात. मी एकेरीत लिहितोय, त्याला कारण आहे. माझ्या हाताखाली भरती होऊन आलेली पोरंसुद्धा त्याच्यापेक्षा वयाने मोठी असायची.

जुलै 1917 मध्ये कमिशन, ऑक्टोबरअखेर फ्रान्समध्ये 56 स्क्वाड्रन. तिथे त्याच्या नावावर शत्रूचं पाडलेलं एकही विमान नाही. 6 डिसेंबरला क्रॅश झाला. मेला समजून शवागारात ठेवलं आणि आतून दार बडवायला लागला, हा किस्सा प्रत्येक लेखात असतो. मला त्यापेक्षा पुढचे महिने महत्त्वाचे वाटतात. मेडिकली अनफिट ठरवून बसवून ठेवलेला, वय एकोणीस, आणि हा विमानांची चित्रं काढतोय, वरिष्ठांच्या मागे लागतोय. ती चित्रं आजही आहेत. शेवटी जून 1918 मध्ये त्याला 40 स्क्वाड्रनमध्ये घेतलं, कॅप्टन जॉर्ज मॅकएलरॉयच्या फ्लाइटमध्ये, म्हणजे स्क्वाड्रनमधल्या छोट्या तुकडीत.

इथे माझ्या ट्रेडचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. एस.ई.5एवर दोन मशीनगन. नाकावरची व्हिकर्स फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून नेम धरून गोळी सोडते, त्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारं गिअर. दुसरी लुईस, वरच्या पंखावर, पंख्याच्या डोक्यावरून मारा करणारी. तिला पट्टा नाही, 97 गोळ्यांचं गोल ड्रम. ते संपलं की बंदूक वाकड्या रुळावरून खाली ओढायची, विमान वळवायची स्टिक गुडघ्यांत धरायची, उघड्या कॉकपिटमध्ये दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात रिकामं ड्रम उपसून भरलेलं बसवायचं आणि बंदूक परत वर ढकलायची. हातमोजे जाडजूड. मागून कुणी येतंय का तेही बघायचं. आम्ही जमिनीवर, सावलीत, सगळी हत्यारं हाताशी असताना गन अडकली की घामाघूम व्हायचो. आणि हो, ब्रिटिश फायटर पायलटला तेव्हा पॅराशूट देत नसत.

6 जुलैला रॉयने पहिलं विमान पाडलं, जर्मन हॅनोव्हर. 8 तारखेला चार तासांत तीन. 13 ला दोन, 15 ला दोन, 18 ला एक, 19 ला दहावं. यातली दोन दुसऱ्यांबरोबर भागीत. त्याच्या डीएफसीच्या (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, ब्रिटिश शौर्यपदक) प्रशस्तिपत्रात नऊच लिहिलंय, म्हणून काही ठिकाणी नऊ सापडतात. सरकारी कागद आणि स्क्वाड्रनची वही जुळत नाही, हे आम्हाला नवीन नाही.

मला विचाराल तर हा चमत्कार वगैरे नव्हता. मॅकएलरॉय हा नामांकित ब्रिटिश फायटर पायलट मिक मॅनॉकच्या तालमीतला, आणि मॅनॉक आपल्या हाताखालच्या नवशिक्यांना जपून, शिकवून लढाईत नेण्याबद्दल नावाजलेला. हिवाळ्यात जे पोरगं विमान धड उतरवू शकलं नाही, त्याला उन्हाळ्यात असा फ्लाइट कमांडर मिळाला. माणूस तोच, वस्ताद बदलला. ग्राउंड क्रूमध्येही मी हेच बघितलंय. चांगला सीनिअर मिळाला की ‘ढ’ म्हणून हिणवलेला पोरगा वर्षभरात सेक्शन चालवायला लागतो.

22 जुलै 1918 ला कार्व्हाँ गावावर फोकर डी.7 विमानांशी झालेल्या झटापटीत तो पडला. मॅनॉक 26 ला गेला, मॅकएलरॉय 31 ला. वस्ताद, चेला आणि चेल्याचा चेला, दहा दिवसांत तिघेही संपले. डीएफसी सप्टेंबरमध्ये जाहीर झालं, हा सन्मान मिळवणारा तो पहिला भारतीय. कबर एस्तेवेलला आहे. त्याच्या नात्यातला सुब्रतो मुखर्जी तेव्हा सात वर्षांचा होता. 1954 मध्ये तोच आपल्या वायुदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला, आणि फुटबॉलच्या सुब्रतो कपमुळे शाळकरी मुलांनाही ते नाव माहीत असतं. रॉयचं माहीत नसतं.

त्याच उन्हाळ्यात मुंबईचा एक पायलटही त्या आघाडीवर होता, लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर, 23 स्क्वाड्रन. 30 जून 1918 ला, म्हणजे रॉयच्या पहिल्या विमानाच्या सहा दिवस आधी, त्याचा मृत्यू झाला. कबर फ्रान्समध्येच, हँगार्डला. तो डॉल्फिन उडवायचा. त्या विमानात वरचा पंख पायलटच्या डोक्याच्या पातळीवर, मधोमध चौकट उघडी आणि तिच्यातून डोकं बाहेर. दिसायचं झकास, पण उतरताना विमान उलटलं तर आधी काय जमिनीला लागणार ते सांगायला नको. डॉल्फिनवर सवडीने लिहीन, त्याच्या गनच्या मांडणीबद्दल मला बरंच बोलायचंय.