नवी विंडो उघड

"मामा, हा लॅपटॉप इन्स्टॉल झालं म्हणतोय आणि सापडतही नाही म्हणतोय!"

कॉलेज रोडवरची भाचीची रूम. तिघी मैत्रिणी, तीन लॅपटॉप, प्रोजेक्टसाठी व्हिडिओ कापायला एफएफएमपेग नावाचं सॉफ्टवेअर हवं. ते कमांड टाइप करून चालवायचं. उबुंटूवालीचं (तिचं लिनक्स) 'सुडो एपीटी इन्स्टॉल' या कमांडने लगेच आटोपलं. (पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटेना, म्हणून कीबोर्ड गेला असं ओरडली, ते सोडा.) मॅकवालीचं होमब्रूने झालं, तेही कमांडवरून सॉफ्टवेअर टाकणारं.

भाचीचं विंडोज. तिथे हेच काम करणाऱ्या विंगेटने यशस्वी सांगितलं, पण एफएफएमपेगची कमांड मारली की ओळखच दाखवेना. पठ्ठीने काढून पुन्हा इन्स्टॉल केलं. तेच.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची ती काळी विंडो, पाथ (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी) वाचतं ते उघडताना. नंतर त्यात भर पडली, तरी आधीच उघड्या विंडोला पत्ता नसतो. म्हटलं, ही बंद कर, नवी उघड. चाललं.

"म्हणजे माझं काही चुकलंच नव्हतं?"

हे मात्र डोक्यातून जाईना. विंगेट तशी सूचना छापतो, 'शेल रीस्टार्ट करा'. तिने ती वाचलीही होती. पण पहिल्यांदाच काळ्या स्क्रीनसमोर बसलेल्या पोरीला शेल म्हणजे त्या विंडोत कमांड घेणारा प्रोग्राम, हे कोण सांगणार? उबुंटू, मॅकवाल्या दोघींना हा प्रश्नच पडला नाही, आणि ही बिचारी स्वतःलाच ढ समजत बसली.

'ही विंडो बंद करून नवी उघडा' एवढं सरळ लिहायला काय जातं हो?